पीपीटी तू कर, बोलतो मी!

संक्रांतीचा हलवा संपला आणि परीक्षेचे फॉर्म भरायची धांदल सुरू झाली, की आमच्या विभागाच्या व्हरांड्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं. "पीपीटी तू कर, बोलतो मी!" बोलणारा मुलगा असतो आणि ऐकणारी मुलगी. गंमत म्हणजे तिला त्यात काही वावगं वाटत नाही. उलट सुटल्यासारखंच वाटतं. चार जणांचा गट, त्यात तीन मुली. तिघी मिळून माहिती गोळा करणार, टाईप करणार, रंग निवडणार, चित्रं चिकटवणार. आणि सेमिनारच्या दिवशी चौथा उभा राहून खिशात हात घालून बोलणार. मार्क सगळ्यांना सारखेच पडतात. पण समोर बसलेल्या परीक्षकाच्या लक्षात नाव राहतं ते त्या चौथ्याचं.

जिल्ह्याच्या गावातल्या एका कॉलेजात मी पोषणशास्त्र शिकवते. वीसेक वर्षं पदव्युत्तर वर्गांचे सेमिनार ऐकते आहे. सुरुवातीला ओएचपी होता. पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर मार्करने लिहायचं आणि तो कागद त्या गरम पेटीवर ठेवायचा. मग पॉवरपॉइंट आलं. आता मोबाईलवर बोटाने सरकवून स्लाईड तयार होतात. साधनं बदलली, पण कामाची ही वाटणी काही बदलली नाही. म्हणून आज जरा या स्लाईड नावाच्या प्रकरणाविषयीच बोलू. तुमच्यापैकी कुणी स्वतः एमए, एमएस्सी करत असेल, कुणाची लेक करत असेल, तर कुणी लग्नानंतर पंधरा वर्षांनी पीएचडीला नाव घातलेलं असेल. नव्या शैक्षणिक धोरणानंतर प्रोजेक्ट आणि सेमिनार आता जवळजवळ प्रत्येकीच्या वाट्याला येतात. त्यामुळे 'आमचा काय संबंध' असं म्हणून पान उलटू नका.

पहिल्यांदा माझं मत सांगून टाकते. जी बोलणार तिनेच स्लाईड करायच्या आणि जिने स्लाईड केल्या तिनेच बोलायचं. हे मुलामुलींच्या बरोबरीसाठी म्हणून सांगत नाही (ते तर आहेच), सेमिनार चांगला होण्यासाठी सांगते. दुसऱ्याने केलेल्या स्लाईडवर बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात स्वयंपाक करणं. हळद कुठल्या डब्यात आहे ते शोधण्यातच फोडणी करपते. बोलणारा पुढच्या स्लाईडवर काय आहे ते स्वतःच कुतूहलाने बघतो, मग पडद्याकडे तोंड आणि आपल्याकडे पाठ करून वाचायला लागतो. आणि जिने रात्र रात्र जागून ते सगळं मांडलं, ती मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात म्हणत असते, अरे, तिथे तसं नाहीये!

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आमच्याकडे पीएचडी करणाऱ्या काही शिक्षिका, काही गृहिणी आहेत. संशोधन सल्लागार समितीपुढे ठराविक काळाने प्रगतीचं सादरीकरण करावं लागतं आणि प्रबंध देण्याआधी सगळ्या विभागासमोर एकदा खुलं सादरीकरण करावं लागतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ आणि २०२२ च्या नियमांत दोन्ही गोष्टी आहेत. त्याच नियमांत बायकांना दोन वर्षांची जादा मुदत आणि २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा आहे, हेही जाता जाता सांगते, कारण पुष्कळजणींना ते कुणी सांगितलेलंच नसतं. तर या बायका अभ्यासाला पक्क्या असतात. विषय तोंडपाठ असतो. पण स्लाईड करून दिलेल्या असतात नवऱ्याने, मुलाने, नाहीतर झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराने. मग मध्येच एखादी अक्षरं भिरभिरत येतात, टाळ्यांचा आवाज होतो आणि बाई दचकतात. कंप्युटरची भीती वाटते म्हणून काम दुसऱ्यावर टाकलं, पण ती भीती काही टळत नाही, ती भर सेमिनारमध्ये भेटते. दोन दुपारी खर्च केल्या तर पॉवरपॉइंट येतं. ज्या बाईला पैठणीचा काठ ब्लाउजला जुळवता येतो, तिला चौकटीत चार ओळी आणि एक चित्र जुळवता येत नाही, हे मला पटतच नाही.

आता स्लाईड म्हणजे नक्की काय, ते बघू. पॉवरपॉइंट १९८७ मध्ये बाजारात आलं. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन या दोघांनी अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीत ते बनवलं. सुरुवातीला ते फक्त अ‍ॅपलच्या मॅकिंटॉशवर चालायचं आणि त्यातून निघायचे ते कृष्णधवल कागद, ओएचपीवर ठेवायला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. म्हणजे हे साधन जन्माला आलं ते कंपन्यांच्या मीटिंगसाठी. साहेबांना प्रस्ताव पटवायचा, माल खपवायचा, त्यासाठी. विद्यापीठातला सेमिनार हे त्याचं माहेर नव्हे. त्यामुळे नवी स्लाईड उघडली की ते यंत्र आपल्यापुढे वर मथळा आणि खाली टिंबं टिंबं अशी चौकट ठेवतं आणि आपण आज्ञाधारकपणे ती भरत बसतो. ती चौकट म्हणजे काही वेदवाक्य नाही. ती पुसून टाकता येते, हेच पुष्कळांना ठाऊक नसतं.

या टिंबांच्या चौकटीने किती घोळ होऊ शकतो, त्याचं एक उदाहरण आपल्या सगळ्यांच्या काळजाला भिडलेलं आहे. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान पृथ्वीवर परतताना तुटलं आणि कर्नालची आपली कल्पना चावला तिच्या सहा सहकाऱ्यांबरोबर गेली. त्या दिवशी टीव्हीसमोर बसून रडलेल्या बायका मला अजून आठवतात. पण त्यामागची एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. १६ जानेवारीला यान उडालं तेव्हा दीडेक मिनिटाच्या आतच इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. दुसऱ्या दिवशी चित्रफितीत तो दिसला. यान वर फिरत असतानाच इंजिनीअरांनी हिशेब मांडले आणि नासाच्या अधिकाऱ्यांपुढे ठेवले ते पॉवरपॉइंटच्या स्लाईडवर. त्यातल्या एका स्लाईडचा मथळा असा होता, की वाचणाऱ्याला वाटावं, चला, फारसं घाबरण्यासारखं नाही. त्याच्याखाली टिंबं, टिंबांच्या पोटात उपटिंबं, त्यांच्या पोटात आणखी बारीक अक्षरं. आणि अगदी तळाशी, सगळ्यात दुर्लक्षित कोपऱ्यात खरी गोष्ट. आधी ज्या चाचण्या झाल्या होत्या त्या ३ घन इंचाच्या तुकड्यावर, आणि यानावर आदळलेल्या तुकड्याचा अंदाज होता १९२० घन इंच. म्हणजे ६४० पट! त्या चाचण्यांच्या भरवशावर धीर कसा धरायचा, हा प्रश्न खरं तर मथळ्यातच असायला हवा होता.

माहितीची मांडणी हाच ज्यांच्या अभ्यासाचा विषय आहे, त्या अमेरिकेतल्या एडवर्ड टफ्टी या प्राध्यापकांनी ही एक स्लाईड घेऊन तिची चिरफाड केली. २००३ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या चौकशी अहवालानेही, तांत्रिक अहवालांच्या जागी अशा स्लाईड वापरण्याच्या सवयीवर बोट ठेवलं. आता स्लाईडमुळे यान पडलं असं कुणी म्हणत नाही आणि मीही म्हणणार नाही. कारणं अनेक होती. पण सगळ्यात महत्त्वाचं वाक्य सगळ्यात खाली आणि सगळ्यात बारीक, ही खोड मात्र आमच्या वर्गातल्या सेमिनारमध्येही रोज दिसते. तिथे जीव जात नाही, मार्क जातात आणि मुलीचं काम वाया जातं, एवढाच फरक.

आमच्याच विषयातलं उदाहरण देते. अ‍ॅनिमिया म्हणजे अंगात रक्त कमी असणं, हा आमच्याकडच्या मुलींचा आवडता विषय. दरवर्षी कुणीतरी घेतंच. स्लाईडवर मथळा असतो, 'अ‍ॅनिमिया : प्रमाण'. खाली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा अख्खा तक्ता, सगळी राज्यं, सगळे वयोगट, मुंग्यांच्या रांगेसारखे आकडे. मुलगी म्हणते, "सर, मॅडम, यू कॅन सी इन धिस टेबल." आम्हाला काही दिसत नाही. आता त्याच तक्त्यातले दोनच आकडे घ्या. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये अ‍ॅनिमिया २०१५-१६ च्या पाहणीत ४८ टक्के होता, २०१९-२१ च्या पाहणीत ५४.२ टक्के झाला. आणि मथळ्याच्या जागी सरळ एक वाक्य लिहा : 'महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना अ‍ॅनिमिया आहे आणि तो वाढतो आहे.' खाली दोन खांब, त्यांच्या डोक्यावर दोन आकडे, पायाशी बारीक अक्षरात आकडे कुठून घेतले ते. बास. शेवटच्या बाकावरचा झोपाळू प्राध्यापकसुद्धा मान वर करतो.

मथळा म्हणजे नाव नव्हे, वाक्य हवं. माझ्या मुलींना मी एवढं एकच पुन्हा पुन्हा सांगते. 'निष्कर्ष' हा मथळा काही सांगत नाही. 'लोहाच्या गोळ्या मिळतात, पण पोटात जात नाहीत' हा मथळा सांगतो, अर्थात तुमच्या पाहणीत खरोखरच तसं आढळलं असेल तर. वाक्य लिहिता येत नसेल, तर समजावं की त्या स्लाईडवर आपल्याला काय म्हणायचंय ते आपलं आपल्यालाच अजून कळलेलं नाही. ही फार उपयोगी परीक्षा आहे, आणि ती परीक्षकांच्या आधी आपली आपल्याला घेता येते.

खांबांवरून आठवलं. आलेख काढताना खालची रेघ शून्यापासून सुरू करायची. वरचेच आकडे घेऊन ती ४५ पासून सुरू केली, तर दुसरा खांब पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं, बाप रे, अ‍ॅनिमिया तिप्पट झाला! प्रत्यक्षात वाढ आहे सहा टक्केबिंदूंच्या आसपास. पुष्कळदा कंप्युटर स्वतःच अशी रेघ कापून देतो, त्यामुळे तपासून घ्या. आपण मुद्दाम फसवलं नाही, पण परीक्षकाला वाटतं की फसवलं, आणि मग तो उलटतपासणीला बसतो.

आता सजावट. मला सजावटीचा राग नाही. पण लग्नातलं रुखवत मांडतात ना, तशा काही स्लाईड असतात. कोपऱ्यात फुलं, खाली फिरणारी पृथ्वी, प्रत्येक ओळ वेगळ्या दिशेने नाचत येणारी, आणि मागे समुद्रावरच्या सूर्यास्ताचा फोटो. रुखवत बघायला लोक मुद्दाम येतात, दहा मिनिटं उभं राहून बघतात. सेमिनारला आलेले लोक तुमचं म्हणणं ऐकायला आलेले असतात (किंवा हजेरीसाठी आलेले असतात, ते सोडा). सूर्यास्तावर पिवळी अक्षरं कुणालाच वाचता येत नाहीत. आपल्याकडच्या वर्गांना पडदे नसतात, असले तर ते अर्धे लोंबत असतात, प्रोजेक्टरचा दिवा म्हातारा झालेला असतो. अशा उजेडात पांढऱ्यावर काळी किंवा गडद निळी अक्षरं, यापेक्षा सुंदर काही नाही.

अक्षरं किती मोठी, असं सगळ्याजणी विचारतात. अमुक पॉइंटच हवा असं मी सांगत नाही, एक उपाय सांगते. वर्गातला पडदा साधारण सहा फूट रुंद असेल आणि शेवटचा बाक छत्तीस फुटांवर असेल, तर शेवटचा माणूस पडद्याच्या रुंदीच्या सहापट लांब बसलाय. तुमच्या लॅपटॉपचा पडदा साधारण एक फूट रुंद. तर लॅपटॉप टेबलावर ठेवा आणि सहा फूट मागे जा. तिथून वाचता आलं, तर शेवटच्या बाकालाही वाचता येईल. नाही आलं, तर अक्षरं मोठी करायची नाहीत, शब्द कमी करायचे. अक्षरं आपोआप मोठी होतात.

शब्द कमी का, याला शास्त्रही आहे. रिचर्ड मेयर नावाचे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आहेत. माणूस चित्रं आणि शब्द एकत्र असताना कसा शिकतो, यावर त्यांनी वर्षानुवर्षं प्रयोग केले. त्यांच्या कामातून निघालेली एक गोष्ट अशी, की चित्राबरोबर तेच ते शब्द तोंडाने सांगायचे आणि पडद्यावर लिहूनही दाखवायचे, तर ऐकणाऱ्याचं समजणं वाढण्याऐवजी कमी होतं. साहजिक आहे. आपण वाचतो एका वेगाने आणि बोलणारी बोलते दुसऱ्या वेगाने. डोळे पुढे पळतात, कान मागे राहतात. आपल्या कीर्तनातच बघा. बुवा बोलतात, मागचे टाळकरी धरून ठेवतात. टाळकऱ्यांनी अख्खं निरूपण बुवांबरोबर घोकायला सुरुवात केली, तर काय होईल? स्लाईड ही टाळकरी. बुवा तुम्ही.

पण मुली पडद्यावर सगळं लिहितात, त्याचं कारण आळस नाही, हे मला पक्कं माहीत आहे. कारण भीती. मध्येच विसरलं तर? इंग्रजी अडखळलं तर? म्हणून अख्खा निबंध पडद्यावर टाकायचा आणि पाठमोरं उभं राहून वाचायचा. ओढणी डोक्यावरून घेतात तशी ती स्लाईड पुढे घेतलेली असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींचं तर फारच होतं. पुस्तकातली, इंटरनेटवरची इंग्रजी वाक्यं जशीच्या तशी चिकटवलेली असतात, आणि एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की घसा कोरडा. मी त्यांना सांगते, पारिभाषिक शब्द इंग्रजीत राहू देत, ते राहायलाच हवेत, पण समजावून सांगताना जिथे मुभा असेल तिथे बिनधास्त मराठीत सांगा. मुभा नसेल तर आपल्याला पेलतील तेवढी छोटी इंग्रजी वाक्यं करा. 'हीमोग्लोबिन इज लो. व्हाय?' एवढं म्हटलं तरी चालतं. पहिली दोन वाक्यं मात्र पाठ करा. सुरुवात अडखळली नाही की पुढचं निभतं. बाकी जे विसरायची भीती वाटते, ते पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहून हातात ठेवा. कागद हातात असला म्हणून कुणी मार्क कापत नाही, आणि पॉवरपॉइंटमध्ये प्रत्येक स्लाईडच्या खाली टिपणं लिहायची जागा असते, तिथे लिहून छापून घेतलं तरी उत्तम.

घरातल्यांसाठी एक विनंती. सेमिनारची तालीम मनातल्या मनात होत नाही, ती मोठ्याने बोलूनच होते. पंधरा मिनिटांचा सेमिनार असेल, तर घड्याळ लावून तीन वेळा तरी मोठ्याने बोलायला हवं. मुलगा आरशासमोर उभा राहून बोलला तर 'तयारी करतोय' म्हणतात, मुलगी बोलायला लागली की स्वयंपाकघरातून हाक येते, "बडबड झाली असेल तर कणीक मळ." तेव्हा त्या पंधरा मिनिटांत कणीक तुम्ही मळा, आणि मळता मळता ऐका. तुम्हाला लोह म्हणजे काय, फेरिटिन म्हणजे काय, हे कळलं नाही तरी चालेल. पण लेकीने नक्की कुठल्या प्रश्नाचं उत्तर शोधलंय, हे ऐकून सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल, तर तिला तसं सांगा. याहून चांगला परीक्षक तिला आदल्या रात्री मिळणार नाही.

काही बारीकसारीक गोष्टी सांगायच्या राहिल्यात, त्या भराभर सांगते. मराठीतून स्लाईड करत असाल, तर दुकानदाराने जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाईप करून दिलंय का, ते आधी विचारा. तसं असेल, तर कॉलेजच्या कंप्युटरवर तुमच्या 'स्त्री आरोग्य'च्या जागी चौकोन आणि भलतीच चिन्हं दिसतील. युनिकोडमध्ये टाईप करा. मोबाईलवर आपण मराठी टाईप करतो, ते युनिकोडच असतं. तरीसुद्धा त्याच फाईलची एक पीडीएफ प्रत करून पेन ड्राईव्हमध्ये ठेवा, शिवाय स्वतःला ईमेलही करा. व्हिडिओ दाखवायचा असेल, तर वर्गात इंटरनेट चालेल या भरवशावर राहू नका. सेमिनार सुरू असताना कळपट्टीवरचं बी दाबलं की पडदा काळा होतो आणि सगळे तुमच्याकडे बघायला लागतात. पुन्हा दाबलं की स्लाईड परत. कुणी मागची स्लाईड मागितली, तर तिचा क्रमांक दाबून एंटर करा, थेट तिथे जाता येतं. म्हणून स्लाईडला क्रमांक घालायचे. आणि लाईट गेली तर? आपल्याकडे जातेच. तेव्हा तुमचे ते दोन खांब फळ्यावर खडूने काढता आले पाहिजेत. मागे एका मुलीने तसे काढले होते, आणि त्या दिवशीचा सगळ्यात चांगला सेमिनार तिचाच झाला.

हल्ली विषय टाईप केला की यंत्र आपणच दहा स्लाईड करून देतं. मुली वापरतात, मला कळतं, आणि मी रागावतही नाही. पण ते यंत्र मथळे गुळगुळीत देतं आणि आकडे कधी कधी चक्क मनाचे देतं. परीक्षकाने विचारलं, "हा आकडा कुठला?" तर 'यंत्राने दिला' हे उत्तर होऊ शकत नाही. प्रत्येक आकड्याखाली तो कुठून घेतला ते लिहायचं आणि मूळ जागी जाऊन एकदा डोळ्यांनी बघायचं. याला दुसरा पर्याय नाही.

आता थोडं माझ्या सहकाऱ्यांविषयी, कारण दोष सगळा मुलींच्या माथी मारणं बरं नाही. आम्ही मार्क देतो कशाला? 'सादरीकरण' नावाच्या रकान्यात आम्हीच स्लाईडच्या रंगरूपाला मार्क देतो. 'साडी नेसून या' अशी सूचनाही काही ठिकाणी मुलींना मिळते, मुलांना मात्र 'इन करा' एवढंच. मग मुलींनी दिसण्यावर मेहनत घेतली, स्लाईडच्याही आणि स्वतःच्याही, तर नवल काय? आणि गटाचा सेमिनार असताना कोण बोलणार हे आम्ही गटावर सोडतो. गटात जे घडतं ते घरातल्यासारखंच घडतं. बाहेरचं बोलायला तो, आतलं रांधायला ती.

मी माझ्यापुरता एक बदल केला. गटातल्या चौघांची नावं चिठ्ठ्यांवर लिहायची आणि सेमिनार सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं चिठ्ठी काढायची. जिचं किंवा ज्याचं नाव येईल त्याने बोलायचं, आणि प्रश्नांची उत्तरं उरलेल्या तिघांनी द्यायची. पहिल्या वर्षी बराच आरडाओरडा झाला. सहकारी म्हणाले, उगाच पोरींना कशाला घाबरवता, ज्याला जमतं त्याला बोलू द्या की. पण सेमिनार शिकण्यासाठी असतो, जमणाऱ्याची जाहिरात करायला नव्हे, असं माझं मत आहे. पुढे नोकरीच्या मुलाखतीत, पंचायतीच्या सभेत, बँकेत बचत गटाचं कर्ज मागताना, कुणी चौथा उभा राहून त्यांच्यासाठी बोलणार आहे का? दुसऱ्या वर्षापासून गटातले मुलगे माहिती गोळा करायला वाचनालयात दिसायला लागले. एकजण तर आलेखाचे खांब कसे काढतात ते विचारायला माझ्या घरी आला होता.

शेवटची स्लाईड म्हणून गुलाबाच्या फुलावर 'थँक यू' लिहिलेलं असतं, तेवढं मात्र काढून टाका. आभार तोंडाने मानता येतात. प्रश्नोत्तरं पाच-दहा मिनिटं चालतात आणि तेवढा वेळ पडद्यावर गुलाब राहतो. त्याऐवजी तुमचं मुख्य म्हणणं सांगणारी स्लाईडच तिथे राहू द्या, म्हणजे प्रश्नही तिच्यावरच येतात. तिच्यामागे दोन-तीन जादा स्लाईड ठेवा. सगळ्या राज्यांचा तो मुंग्यांचा तक्ता तिथे चालेल. कुणी विचारलंच, "विदर्भात काय परिस्थिती?" तर चट्कन दाखवता येतं. तक्त्यात ते नसेल, तर "सर, हे मी पाहिलेलं नाही, बघून सांगते" असं म्हणायचं. मान खाली न घालता म्हणायचं, आणि वहीत तो प्रश्न लिहून घ्यायचा.